फ्लॉपींची शेवटची जोडी

"नाय घालणार," मंजुळा म्हणाली आणि नव्या फ्लॉपींची जोडी तिने छातीशी घट्ट धरली.

सकपाळ साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. महाडच्या खरेदी-विक्री संघाचे ते मॅनेजर. 'नाय' हा शब्द त्यांना स्वतःच्याच तोंडून ऐकायची सवय होती.

"नाही म्हणजे? शेवटची जोडी आहे ही. कंपनीने स्पष्ट कळवलंय, यापुढे मिळणार नाही. तीन वाजता मीटिंग आहे. मी चेअरमनना काय सांगू?"

"शेवटची हाय म्हणूनच नाय घालणार. आधीच्या दोन जोड्या ह्या मशीनने खाल्ल्या, साहेब. हे बघा."

तिने खराब झालेली फ्लॉपी खिडकीच्या उजेडात धरली. काळ्या चकतीवर एक बारीक गोल चरा चमकत होता. दुसरीवरही तसाच, त्याच जागी. साहेबांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

कॉम्प्युटर नवा कोरा होता, पण त्याच्या डोक्यात अजून काही भरलेलं नव्हतं. डॉस म्हणून जे काही असतं ते फ्लॉपीवरून आतल्या डिस्कवर उतरवल्याशिवाय तो साधी बेरीजही करणार नव्हता. फ्लॉपी खाचेत सरकवली की खरखर व्हायची आणि पडद्यावर इंग्रजीत नकार उमटायचा. मंजुळाने आपल्या परीने सगळं करून पाहिलं होतं. व्होल्टेज बघितलं, मागच्या वायरी उपटून पुन्हा बसवल्या. मेमरी पडद्यावर पुरी मोजली जात होती, आतली डिस्कही फिरत होती. राहिली ती फ्लॉपीची खाच, आणि ती उघडायची तर झाकणावरचं कंपनीचं सील तोडावं लागणार होतं.

बौद्धवाडीतली ही पोरगी बी.कॉम. झाली, मुंबईत मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा क्लास करून आली आणि अर्ज करून ही जागा मिळवली. चेअरमनच्या पुतण्यासाठी ती जागा मनातल्या मनात राखून ठेवणाऱ्यांच्या पोटात तेव्हापासून दुखत होतं. आज मशीन चाललं नाही तर ते खोक्यात घालून मुंबईला परत जाणार होतं आणि तिची नोकरीही त्याच्याबरोबर जाणार होती.

"मशीनच्या पूजेला तू दाराबाहेर उभी राहिलीस," साहेब हळूच म्हणाले, "तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती."

मंजुळाची कानशिलं तापली. असल्या बोलण्याची तिला सवय होती, पण सवय झाली म्हणून राग कमी होतो असं थोडंच आहे?

"मी पूजा करत नाय. कामात कसूर केली असंल तर सांगा."

ती तडक संघाच्या भाताच्या गिरणीत गेली आणि मेकॅनिककडून स्क्रू काढायचा डिस्मिस घेऊन आली. सकपाळ साहेब मध्ये उभे राहिले. "सील तुटलं तर गॅरंटी गेली. मी तुला कामावरून काढीन."

"तसंही काढणारच हायसा. मग बघून तरी जाते."

साहेब बाजूला झाले. खरं तर त्यांनाही बघायचंच होतं. तिने सील फाडलं, स्क्रू काढून झाकण उचललं आणि खाचेच्या आत वाकून पाहिलं. फ्लॉपी वाचणाऱ्या इवल्याशा बोंडाला कुंकवाचा लाल थर चिकटला होता आणि शेजारी तांदळाचे दोन दाणे अडकून बसले होते.

"अक्षता!" साहेबांच्या तोंडून निघून गेलं. त्या कोणाच्या हे त्यांना लगेच कळलं. दर हंगामाला भाताची गिरणी सुरू होताना चेअरमनच्या आई येसूबाई तिच्या तोंडात चिमूटभर अक्षता टाकायच्या. यंत्राला पहिला घास. पूजेला नारळ फुटत असताना म्हातारीने या नव्या यंत्राचं तोंड हुडकून त्यालाही घास भरवला होता.

मंजुळाने चिमट्याने दाणे काढले, स्पिरिटच्या बोळ्याने बोंड पुसलं. तरी चांगली जोडी घातली नाही. आधी एक कोरी फ्लॉपी फिरवली. आत काही नसल्याची तक्रार मशीनने केली, ती ते करणारच होतं. फ्लॉपी बाहेर काढून तिने उजेडात धरली. चरा नव्हता. मगच तिने नव्या जोडीतली पहिली फ्लॉपी घातली आणि खुर्चीवर बसली. खरखर झाली नाही. पडद्यावर अक्षरं भराभर उतरू लागली.

"हे बघ," साहेब कुजबुजले, "इंजिनियर येऊन गेला असं सांगू. अक्षतांचं नाव काढू नकोस."

तेवढ्यात चेअरमन उतेकर आईला घेऊन आलेच. साहेब ताडकन उभे राहिले. चेअरमन आत आले की संघात सगळेच उठायचे. मंजुळा उठली नाही. फ्लॉपी फिरत होती आणि तिला तिथून नजर हलवायची नव्हती.

"चालू झालं व्हय गो?" येसूबाईंनी विचारलं. "काय झालतं त्याला?"

"आजी, तुमच्या अक्षता याच्या घशात अडकल्या होत्या."

साहेबांनी डोळेच मिटून घेतले.

"माज्या?" म्हातारीने दोन्ही हात पदराला पुसले. "गिरनीला तर चालत्यात."

"याला नाय चालत."

येसूबाई टेबलाजवळ सरकल्या. "मंग तवाच सांगायचंस की गो."

"तेव्हा मी दाराबाहेर होते, आजी."

चेअरमननी उघडं झाकण पाहिलं. "सील कोणी तोडलं?"

"मी तोडलं. मंजुळा हाटे. कंपनीला काय कळवायचं ते माझ्या नावानं कळवा."

पडदा थांबला. पहिली फ्लॉपी पुरी झाली होती आणि दुसरी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, चेअरमनजवळ पडली होती. मंजुळाने तिकडे न बघता हात पुढे केला.

"दुसरी द्या."

चेअरमन क्षणभर थांबले. मग त्यांनी फ्लॉपी उचलली आणि तिच्या हातात दिली.