अष्टमायाची खिडकी

"त्या आजींना जरा डावीकडे बघायला सांगा ना," प्रज्वल कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता म्हणाला.

नुच्छेमानने वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या नक्षीदार खिडकीत अष्टमाया शाल कानांवरून घेऊन बसली होती. भक्तपूरच्या गल्ल्यांत पौषातलं धुकं अजून रेंगाळत होतं.

"डावीकडे बघ गं," तो नेवारी भाषेत म्हणाला.

"बघते. कुंभारांच्या चौकात मडकी मांडली का वाळत?"

"काय म्हणतात?" प्रज्वलने विचारलं.

"थंडी फार आहे म्हणतात."

दर शनिवारी हे असंच चाले. काठमांडूची हौशी मंडळी कॅमेरे घेऊन येत. नुच्छेमान त्यांना देवळं, जुनी घरं दाखवत हिंडवी आणि शेवटी या गल्लीत आणी. खिडकीतली बाई आपली बायको आहे, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिल्या वेळी सांगायचं राहून गेलं आणि मग सांगायची लाज वाटू लागली. अष्टमायाला नेपाळी बोलायला जमत नसे, पण समजे सगळं. सुरुवातीला ती त्याच्या थापांवर हसायची.

तीन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातून गच्चीवर जाणाऱ्या शिडीवरून पडून तिचा खुबा मोडला. स्वयंपाकघर सगळ्यात वरच्या, तिसऱ्या मजल्यावर; तेव्हापासून ती तिथेच राहिली. एकदा नुच्छेमानने तिला पाठीवर घेऊन उतरवायला बघितलं. अर्ध्यावर दोघं अडकली आणि ती किंचाळली. त्यानंतर दोघांनीही तो विषय काढला नाही.

"आज फोटो पुरे," वरून अष्टमाया म्हणाली. "मला खाली यायचंय. एवढंच सांगा त्यांना."

"आता काय म्हणाल्या?"

"सावकाश काढा म्हणाल्या."

"काका, असं नाही म्हणाल्या त्या." मागे उभ्या असलेल्या रोजिनाने कॅमेरा खाली घेतला. सकाळपासून ती मुलगी फारशी बोलली नव्हती. "माझी आई पाटणची, घरी नेवारीच बोलते. मला कळते. कोण त्या तुमच्या?"

नुच्छेमानने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"बायको."

प्रज्वलचा चेहरा उतरला. "मग आम्ही दोघं-तिघं उचलून आणतो की त्यांना. त्यात काय एवढं?"

तो बरोबर आलेल्या एका मित्राला घेऊन आत गेला. शिडी जवळजवळ उभीच होती आणि वर चढायला छतात ठेवलेलं भोक एका माणसाच्या खांद्यांएवढं. थोड्या वेळाने तो हात झटकत बाहेर आला आणि भिंतीला टेकला.

रोजिना मात्र वर चढून गेली. नुच्छेमान तिच्या मागोमाग निघाला.

"काकू, आज आम्ही कुठे कुठे फिरलो, ते दाखवू?"

अष्टमायाने हात पुसले आणि कॅमेरा डोळ्यांजवळ धरला. रोजिना एकेक फोटो पुढे करत होती. "हा दरवाजा नवीन बसवला वाटतं," अष्टमाया म्हणाली. "आणि ही लाकडं कोरली कुणी? सफाई नाही हाताला." पुढच्या फोटोवर मात्र ती थांबली.

देवळाच्या पायऱ्यांवर, दगडी सिंहाच्या डोक्यावर हात टेकून नुच्छेमान उभा होता. तोंड उघडं, डोळे मिटलेले, हसून हसून वाकलेला.

"हे कधीचं?"

"आज सकाळचं. उलटी खिडकी बसवणाऱ्या सुताराची गोष्ट सांगत होते. काका फार हसवतात."

अष्टमायाने कॅमेरा आणखी जवळ घेतला. शिडीवर थांबलेल्या नुच्छेमानचं डोकं तेवढं भोकातून वर आलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"बाहेर हसतात होय," ती म्हणाली.

शिडीच्या चारच पायऱ्या उरल्या होत्या. त्या नुच्छेमानला चढवेनात.

"चेहरा मोठा करता येतो का गं यात?" अष्टमायाने विचारलं.

रोजिनाने करून दाखवला.

"अजून थोडा," अष्टमाया म्हणाली.