अंगावर न उमटलेलं

ठिपका. उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर, शिवणीच्या अगदी कडेला, तिळाहूनही लहान, काळपट — आणि श्वास रोखून तिने त्यावर बोट नेलं तोवर तो तिथे नव्हता. उडाला म्हणावं तर उडताना दिसला नाही, सरकला म्हणावं तर सरकलाही नाही. होता आणि नव्हता यांच्या मधलं काही तिच्या डोळ्यांना सापडलंच नाही. ती तशीच वाकून राहिली, एक गुडघा पलंगावर, ओले केस मानेला चिकटलेले... मग तिने अभ्रा उलटा केला आणि शिवण नखाने फाकवून पाहिली.

"काय शोधतेयस?"

नवरा दारात उभा होता, शर्टाची बटणं लावत. आवाज साधाच. पण साधा आवाज काढायला त्याला किती कष्ट पडतात हे ती मागच्या त्या आजारपणापासून ऐकत आली होती.

"काही नाही. कानातलं पडलं वाटतं."

तिच्या दोन्ही कानांत कानातली होती. त्याने ती पाहिली — पाहिली हे तिने पाहिलं — आणि तो म्हणाला, "बरं."

तेवढ्या एका 'बरं'ने तिचा चहा कडू झाला. त्याने काही विचारलं असतं, वैतागला असता, दोन शब्द वाढले असते तर बरं झालं असतं. पण तो वैतागत नव्हता. तिला पिसवा चावतात असं तिने सांगितलं त्या दिवशी तो बिचारा कुत्र्याला घेऊन दिव्याखाली बसला होता, पाठीवरचे केस बोटांनी विंचरत, पोटाशी, कानांमागे, शेपटीच्या बुडाशी. कुत्र्याचं नाव साहेब; दिवसभर लोळायचं आणि कुणी आलं तर अर्ज घेऊन आल्यासारखं एका पापणीने बघायचं, म्हणून साहेब. त्याही दिवशी साहेबांनी ही तपासणी मोठ्या मनाने करू दिली. नवऱ्याला काही सापडलं नाही. "स्वच्छ आहे गं," तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या पायांवर काही नव्हतं, हातांवर नव्हतं, एकाच पलंगावर झोपून त्याला काहीच चावत नव्हतं. आणि मग जरा थांबून, साहेबाच्या डोक्यावर हात ठेवून, तिच्याकडे न बघता — "झोप नीट लागते ना तुला?"

हा प्रश्न तिच्या ओळखीचा होता.

त्या खेपेला गॅसचा वास यायचा. तिलाच यायचा. स्वयंपाकघरात शिरलं की नाकाच्या मुळाशी तो गोडसर, सडका वास... सिलिंडरवाल्याला बोलावलं, त्याने नळीला साबणाचा फेस लावला, फेस तसाच राहिला, एक बुडबुडा फुगला नाही. पुन्हा बोलावलं. शेजारणीला बोलावून नाक लावायला सांगितलं, आणि ती शेजारीण अजूनही जिन्यात भेटली की जरा जास्तच गोड हसते. मग नवऱ्याची मोठी बहीण राहायला आली, हातात पिशवी आणि चेहऱ्यावर काहीच झालं नसल्याचा भाव, आणि हिच्या खोलीत, हिच्या पलंगाशेजारी अंथरूण घालून झोपू लागली. मग डॉक्टर. मग गोळ्या. मग एक दिवस वास नव्हता. तिला सगळे बरी झाली म्हणाले, ताई पिशवी घेऊन परत गेल्या, आणि नवरा रोज निजण्याआधी गॅसचं बटण स्वतः बघायला लागला — तिच्यासाठी, तिला दिसेल असा.

पण मला वास येत होता. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. येत होता, आणि गॅस गळत नव्हता. दोन्ही खरं. मग आता घोट्यावर ओळीने उठलेल्या या लाल पुटकुळ्या, ज्या मला दिसतात, हाताला लागतात, त्यांच्याबद्दल मी खात्रीने काय सांगू? खात्री तर तेव्हाही अशीच होती. अगदी अशीच. आणि पुटकुळ्या काय, माणूस झोपेत स्वतःच्याच नखांनी...

तिने मोजे चढवले आणि ती कामाला गेली.

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला एक अंधारी खोली होती. तिथे ती लोकांचे नंबर काढायची. खुर्चीत आज एक म्हातारे गृहस्थ होते, निवृत्त मास्तर, नाकावर जड लोखंडी चौकट चढवून बसलेले. ती एकेक काच सरकवत होती. आता बरं दिसतंय की मघाशी? मघाशी. आता? आता जरा... नाही, मघाशीच. ते म्हणतील ते ती कागदावर उतरवत होती. आणि काच बदलता बदलता तिचा हात मध्येच थबकला. या माणसाला काय दिसतंय हे मला दिसत नाही, कधीच दिसणार नाही, आणि तरी तो म्हणतो त्यावर मी विश्वास ठेवते. त्यावर काच घासली जाते, चष्मा होतो. कुणी त्याला विचारत नाही, की बाबा, तुला खरंच धूसर दिसतंय कशावरून?

टेबलाखाली तिचा एक पाय दुसऱ्या पायावर घासत होता. मोज्यावरून, पुन्हा पुन्हा.

"डास का हो?" मास्तरांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. डास म्हटलं की कुणाला काही वाटत नाही.

दुपारी तिने दुकानाच्या मालकिणीकडे अर्धी रजा मागितली. मालकिणीने चष्म्यावरून पाहत बरं नाही का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, मला नाही, कुत्र्याला. हे म्हणताना तिला आपलाच आवाज ऐकू आला — साधा, बेताचा, नवऱ्याच्या आवाजासारखा.

घरातून साहेबाला बाहेर काढणं हेच एक काम होतं. दवाखान्याचा रस्ता त्याला ठाऊक होता. कोपऱ्यावर तो बसलाच. तिने ओढलं, विनवलं, शेवटी उचलून घेतलं. त्याचं ऊन, जड अंग छातीशी धरून चालताना तिच्या डोक्यात एकच विचार होता, तो घर सोडल्यापासून होता — काही सापडलं नाही तर? नवऱ्याला सापडलं नाही, ठीक आहे, तो काही डॉक्टर नाही. पण तिथेही सापडलं नाही तर मग मागे जायला वाटच नाही. मग मी आपणहूनच ताईंना फोन करावा. सांगावं, या. पिशवी घेऊन या.

ती परत फिरणार होती. खरंच, दवाखान्याच्या पायरीवरून. पण आतून मदतनिसाने दार उघडलं.

जनावरांची डॉक्टर तरुण होती, भराभर बोलणारी. तिने काय होतंय ते विचारलं, आणि उत्तर ऐकत असताना हिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, कुत्र्याकडे पाहिलं. हे हिला फार बरं वाटलं. तिने बारीक दातांची फणी घेतली, साहेबाच्या शेपटीच्या बुडाशी उलटे केस धरून दोन-तीनदा ओढली, फणीला लागलेली काळी पूड ओल्या कापसावर झटकली आणि कापूस दिव्याखाली धरला.

"बघा."

काळे कण होते. माती असावी तसे. मग त्यांच्या कडा फुटल्या आणि प्रत्येक कणाभोवती तांबूस ओल पसरत गेली, हळू, विटेच्या रंगाची.

"ही पिसवांची विष्ठा. प्यायलेलं रक्त असतं त्यात, म्हणून पाण्यात लाल सुटतं. माती असती तर काळीच राहिली असती."

"म्हणजे आहेत?"

"आहेत म्हणजे? कुटुंबकबिल्यासकट आहेत. साहेब चाटून चाटून गिळतात त्यांना, म्हणून अंगावर दिसत नाहीत."

ती टेबलाची कड धरून उभी राहिली. डोळे भरून आले, ते तिला आवरेनात. डॉक्टरला वाटलं कुत्र्यासाठी. ती म्हणाली, अहो, एवढं काही नाही, होतं सगळ्यांकडे. मानेवर सोडायचे थेंब दिले, फरशीवर मारायचा फवारा लिहून दिला. तिने मग हळूच विचारलं, एकाच घरात एकाला चावतात आणि दुसऱ्याला नाही, असं होतं का? डॉक्टर म्हणाली, चावतात बहुतेक दोघांनाही, पण काहींच्या अंगावर उमटतच नाही, त्यांना कळतही नाही. आणि पुढे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, म्हणाली. कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या. बाकी सगळं घरात आहे, फटींत, गादीत, गालिच्यात. अंडी मरतील, अळ्या मरतील, पण कोषातल्या पिसवांपर्यंत औषध पोचत नाही. पावलांची चाहूल लागली, ऊब लागली की त्या बाहेर येतात. तेव्हा अजून काही आठवडे चावलं तर घाबरू नका.

निघताना तिने तो कापूस मागितला. डॉक्टरने क्षणभर पाहिलं, मग एका लहान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला.

घरी येऊन तिने कंबर कसली. साहेबाच्या मानेवर थेंब सोडून त्याला बाल्कनीत ठेवलं. चादरी, अभ्रे, साहेबाचं पांघरूण, पडदेसुद्धा, सगळं कढत पाण्यात. गालिचा गुंडाळला. पलंग एकटीने ओढला, सोफा एकटीने ओढला, भिंतीच्या कडेकडेने व्हॅक्यूम फिरवला, आणि यंत्राच्या त्या घरघरीत तिला पहिल्यांदाच मोकळं वाटलं, गाणं म्हणावं इतकं. आहेत! या फटीत आहेत, या कोपऱ्यात आहेत, माझ्या डोक्यात नाहीत. ती एकेका फटीवर तुटून पडत होती आणि त्याच वेळी एक चमत्कारिक माया तिला त्या न दिसणाऱ्या किड्यांबद्दल वाटत होती... सगळ्यात शेवटी मागे मागे सरकत ती फवारा मारत गेली, दारं लावून घेतली आणि जिन्यात येऊन बसली. औषधाचा वास येत होता. हा वास शेजारणीलाही येत असणार, तिच्या मनात आलं, आणि ती एकटीच हसली.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा खिडक्या सताड उघड्या होत्या, सामान खोलीच्या मध्यावर होतं. तो उंबऱ्यातच थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला. तिला कळलं, त्याला काय दिसतंय ते: त्या खेपेलाही तिने असंच सगळं सामान ओढून काढलं होतं.

तिने पिशवी पुढे केली. मग डॉक्टरने सांगितलं ते सगळं सांगितलं.

त्याने पिशवी दिव्याखाली धरली. बराच वेळ. आणि मग त्याचे खांदे एकदम खाली आले, तो खुर्चीत बसला आणि हसायला लागला, दोन्ही हातांनी तोंड पुसत, डोळे पुसत. "अगं..." तो म्हणाला, "अगं, मला वाटलं..." फोन काढून त्याने तिथूनच बहिणीला लावला. ताई, ऐक. पिसवा आहेत. हो, खरंच आहेत, डॉक्टरने दाखवल्या. खरंच गं.

त्या 'खरंच'पाशी ती उभी राहिली.

तो उठून आला, त्याने तिला जवळ घेतलं. त्याच्या छातीत काहीतरी जोरजोरात उडत होतं. हा माणूस इतके दिवस घाबरलेला होता. तिने त्याच्या शर्टात तोंड ठेवूनच विचारलं, "आणि नसत्या तर?"



"उद्याची वेळ घेतली होती तुझ्या डॉक्टरांची," तो शेवटी म्हणाला. "तुला आज सांगणार होतो. करतो आता रद्द."

राग यायला हवा होता, आणि ती वाट पाहत राहिली, पण तो आला नाही. त्याच्या जागी एक सपाट, स्वच्छ शांतता आली, सामान हलवल्यावर खाली दिसलेल्या फरशीसारखी. अजून काही आठवडे. अजून काही आठवडे चावेल, मी सांगेन, आणि तो मान डोलावेल — कापूस आहे ना. पण पिसवा संपतील तेव्हा? एखादी पुटकुळी उगीचच उठेल तेव्हा?

दोघांनी मिळून सोफा जागेवर ढकलला. साहेबांना आत घेतलं. ते नव्या चादरीवर स्वारी करून आडवे झाले. नवरा उत्साहात होता, बोलत होता, आणि बोलता बोलता त्याने कोपर खाजवलं. मग मान. मग तो सोफ्यावर बसला, पँट वर केली आणि पोटरीवर नखं ओढू लागला.

"ए, इथे बघ गं," तो म्हणाला. "चावलं ना? आत्ता चावलं. दिसतंय का काही?"

त्याने पाय तिच्या मांडीवर ठेवला. तिने दिवा जवळ ओढला आणि वाकून पाहिलं. काही नव्हतं. नखांचे पांढरे ओरखडे, ते लाल होत चाललेले, आणि खाली स्वच्छ, कोरी त्वचा. तिने पुन्हा पाहिलं. जपून, केस बाजूला करत, बोटाने दाबत. आणि पाहता पाहता तिला जाणवलं की आपला चेहरा हळूहळू साधा होतो आहे. आपण तो तसा करतो आहोत, कष्टाने, त्याला काही कळू नये म्हणून. तर इतके दिवस त्याचं हे असं होत होतं. इतकं जवळून, इतकं जपून, आणि तरी त्या माणसाला एकटं सोडून.

"काय गं?" तो म्हणाला. "आहे ना?"

त्याचं पाऊल तिच्या तळहातात होतं, ऊन, जड. आत कुठेतरी शीर उडत होती. तिने मान वर केली नाही. आपण आता काय सांगणार आहोत, हे तिला स्वतःलाच कळायचं होतं.