रोखलेली पोस्ट

"पोस्ट सोडतोस की नाही तेवढं सांग," मास्तर फोनवर म्हणाले. "प्रवचन नको."

"मास्तर, आधी माझं ऐकून तर घ्या."

"पाच वर्षं ऐकतोय. त्या पोरीनं काय विचारलंय ते वाचलंस ना? उत्तर तुझ्याच फडताळात पडलंय, मंगळवारपासून कुलूपबंद. काढ आणि दे तिला."

फोन बंद झाला. अण्णांनी तो टेबलावर पालथा ठेवला. रविवारची सकाळ होती. समोर लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर तासाभरापूर्वी आलेला मजकूर होता.

'हे खातं माझ्या भावाचं. तुम्ही त्याला नवशिक्या म्हणून ओळखता. बुधवारी संध्याकाळी रेडिओचा शॉक लागून तो गेला. रेडिओ आमच्या वडिलांचा होता. त्याच्या कॉम्प्युटरवर तुमची ही चर्चा उघडी होती. मी सगळी वाचली, कळलं काहीच नाही. म्हणून एकच विचारते. इथे एवढे जाणकार आहात, त्यातल्या एकालाही धोका दिसला नाही?'

एकाला दिसला होता. ते फक्त दोघांना माहीत होतं, मास्तरांना आणि अण्णांना.

अण्णा पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार खिडकीवर बसत. सव्वीस वर्षं. खिडकीपलीकडून येणाऱ्या शिव्यांचे त्यांनी मनातल्या मनात तीन वर्ग पाडले होते: पाणी न आल्याच्या, गढूळ आल्याच्या आणि सवयीच्या. पाच वर्षांपूर्वी त्यांनी व्हॉल्व्हवाल्या जुन्या रेडिओंच्या दुरुस्तीसाठी हा मंच सुरू केला, तेव्हा पहिला नियम लिहिला की इथे कुणी कुणाचा अपमान करणार नाही. एकशे चौदा शब्दांची यादी केली. यादीसाठी त्यांना कुठे शोधायला जावं लागलं नाही. त्यातला एक जरी शब्द आला तरी पोस्ट आपोआप अडायची आणि फक्त अण्णांना दिसायची. खाली तीन बटणं असायची. प्रसिद्ध करा, परत पाठवा, काढून टाका. सभासद दोन हजारांवर गेले. 'इथे भांडणं होत नाहीत,' असं लोक लिहायचे, आणि ते वाचून अण्णांचा सोमवार जरा बरा जायचा.

मंगळवारी दुपारी नवशिक्याने विचारलं होतं, की आवाजाचं बटण फिरवलं की खरखर होते, काय करू? सोबत उघड्या रेडिओचा फोटो. पहिलं उत्तर बँकेतल्या एका निवृत्त साहेबांचं होतं. ते प्रत्येक पोस्टखाली 'आपला नम्र' लिहीत, म्हणून मंचावर त्यांचं नावच नम्र पडलं होतं. 'नमस्कार आणि स्वागत. वरचे बटण काढावे. सेट चालू ठेवूनच उघडी दांडी बोटांनी सावकाश फिरवत क्लीनर सोडावा, म्हणजे खरखर नेमकी कुठे आहे ते कळते. घाई करू नये.'

दहांतल्या नऊ रेडिओंना हा सल्ला चालला असता. त्यांच्यात भिंतीतली वीज आणि आतली पत्र्याची चौकट यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. दहावा स्वस्तातला असतो. त्यात ट्रान्सफॉर्मरच नसतो, विजेची एक तार थेट पत्र्याला जोडलेली असते. पिन उलटी बसली तर अख्खा पत्रा आणि त्यावरची दांडी जिवंत होते. माणूस आणि वीज यांच्यात उरतं ते फक्त प्लॅस्टिकचं बटण. नम्रांनी तेच काढायला सांगितलं होतं.

मास्तरांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान अडतीस वर्षं चाललं होतं. त्यांनी फोटो पाहिला आणि अकरा मिनिटांत लिहिलं. 'अरे गाढवा, ट्रान्सफॉर्मर दिसतोय का तुला फोटोत कुठे? आणि हा नम्र महामूर्ख तुला चालू सेटला हात लावायला सांगतोय. पत्र्यात लाइन आहे. आधी पिन काढ. मरशील.'

दोन शब्द यादीतले होते. पोस्ट अडली.

त्या सकाळी खिडकीवर एकाने गढूळ पाण्याची बाटली नोंदवहीवर उपडी केली होती. जेवणाच्या सुट्टीत अण्णांनी ओली पानं वाळत घातली आणि फोन उघडला. 'महामूर्ख'पर्यंत वाचलं. 'परत पाठवा' दाबलं, सोबत लिहिलं, 'कृपया सभ्य भाषेत पुन्हा लिहावे.' मास्तरांचा निरोप लगेच आला. 'तुझ्या गोड भाषेत तूच लिही. पण आज लिही.' हा मला हुकूम सोडतोय, असं अण्णांना वाटलं. बसू दे एक दिवस गार होत. पोस्टमधला शेवटचा शब्द, 'मरशील', मंगळवारी आपल्या डोळ्यांखालून गेला होता की नव्हता, हे ते आज कितीही प्रयत्न केला तरी ठरवू शकत नव्हते.

बहिणीच्या प्रश्नाखाली एव्हाना बत्तीस उत्तरं जमली होती. भावपूर्ण श्रद्धांजली. आपल्या दुःखात सहभागी आहोत. एकही शब्द यादीतला नव्हता. नम्रांनी लिहिलं होतं, 'अत्यंत क्लेशदायक. अशा गोष्टी दैवाधीन असतात. ताईंच्या भावनांचा आदर राखून ही चर्चा आता बंद करावी, अशी अण्णांना नम्र विनंती.' सतरा जणांनी अनुमोदन दिलं होतं.

अण्णा भडकले. दैवाधीन म्हणे. या माणसाला फोन करून चार शब्द सुनवावेत असं वाटलं, आणि मग लक्षात आलं की तो सल्ला चुकीचा होता हे नम्रांना कुणी सांगितलेलंच नाही. सांगणारी पोस्ट आपणच अडवून ठेवली. राग परत फिरला आणि स्वतःवरच येऊन बसला.

"मास्तर एवढे का ओरडत होते?" पत्नी भाजी निवडत समोर येऊन बसली. अण्णांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही वाचलं होतंत."

"अर्धं."

"चार ओळी आहेत. त्या अर्ध्या कशा वाचतात?"

"मग त्यांना नीट लिहायला काय झालं होतं? दोन शब्द बदलायचे होते. अहो म्हटलं असतं तर जीभ झडली असती?"

"घराला आग लागली तर मी 'अहो, कृपया बाहेर येता का' म्हणून हाक मारू तुम्हाला?"

"घे, तूही त्यांचीच बाजू घे."

"मला कुणाची बाजू घ्यायची नाही. ज्याची घ्यायची तो गेला."

अण्णांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "सगळे म्हणताहेत चर्चा बंद करा."

"करा की. एक बटण तर दाबायचंय. तुम्ही, मास्तर आणि मी, तिघं गप्प बसलो की झालं." तिने एक किडकी शेंग बाजूला टाकली. "ऑफिसात कुणी विचारलं, माझी तक्रार कुठे गेली, तर काय सांगता?"

"नोंद दाखवतो. कधी आली, कुणाकडे पडून आहे."

"मग हिला दाखवा."

ती उठून आत गेली. अण्णांनी मास्तरांची पोस्ट उघडली आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. प्रसिद्ध केली. ती आपल्या जागी जाऊन बसली, मंगळवार, बारा वाजून बावन्न मिनिटं, नम्रांच्या सल्ल्याच्या बरोबर खाली. तिच्या पायाशी बारीक अक्षरं उमटली, 'नियंत्रकाने रोखली होती. आज प्रसिद्ध.'

मग ते उत्तर लिहू लागले. 'अनवधानाने' लिहिलं आणि खोडलं. 'तांत्रिक कारणामुळे' लिहिलं, ते खोडताना स्वतःचीच चीड आली. शेवटी एवढं उरलं: 'धोका एकाला दिसला होता. त्यांनी त्याच दुपारी लिहिले होते, ते वर आहे. त्यात शिव्या होत्या म्हणून मी रोखले आणि पूर्ण वाचले नाही. नम्र यांना हे माहीत नव्हते. नियम माझा, निर्णय माझा.' खाली टोपणनावाऐवजी पूर्ण नाव लिहिलं, आणि कार्यालयाचा पत्ता.

फोन वाजला. मास्तर म्हणाले, "मीही बदलू शकलो असतो रे ते दोन शब्द. इरेला पेटलो."

"हो," अण्णा म्हणाले. "शकला असता."

त्यांनी फोन पुन्हा पालथा ठेवला.

पाऊण तासाने एक पोस्ट अडली. बहिणीची होती. यादीतले नऊ शब्द होते, आणि सव्वीस वर्षांत खिडकीवर न ऐकलेले दोन. अण्णांनी चष्मा पुसला आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतलं. मधेच तिने लिहिलं होतं, 'त्याला गाढव म्हटलेलं चाललं असतं. घरात मीच म्हणायचे. तो हसायचा आणि ऐकायचा.' त्याच्या पुढे पुन्हा शिव्या होत्या, सगळ्या अण्णांना नावानिशी. तीन परिच्छेद त्यांनी संपवले. एक शब्द इकडचा तिकडे न करता 'प्रसिद्ध करा' दाबलं.

चार मिनिटांनी पहिली तक्रार आली. 'ताईंचे दुःख समजू शकतो, तथापि ही भाषा आपल्या मंचाच्या परंपरेला शोभत नाही. पोस्ट काढावी.' मग दुसरी. मग एकदम पाच, आणि येतच राहिल्या. कुणी अण्णांचीच कड घेतली होती, आपण एवढी वर्षं राखलेली सभ्यता वगैरे. नम्रांची एकही नव्हती.

तक्रारीखाली दोन बटणं असत. अण्णा एकेक तक्रार उघडत होते, शेवटच्या शब्दापर्यंत वाचत होते आणि 'फेटाळा' दाबत होते.

"पान वाढलंय," पत्नीने आतून सांगितलं.

"तू जेव," ते म्हणाले, आणि त्यांनी अकरावी उघडली.