पंपातलं पाणी

एक पंप निवडायला उन्मेषने चार दिवस घालवले, आणि दुकानात सगळ्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. करू द्या! इस्लामपुरात सहा वर्षं पंप खोलून बसवलेला माणूस तो, त्याला काय कॅटलॉगमधल्या चित्रावर बोट ठेवून मोकळं होता येतंय?

कॅनडात एडमंटनपासून तासाभरावर शेतीसामानाचं ते दुकान, उन्मेष तिथे नोकरीला. गिऱ्हाईक होता गॉर्डन, पाहुण्यांना बदकांच्या शिकारीला नेणारा. तळ्याकाठच्या शेतात त्याने सहा लोखंडी पेट्या जमिनीत पुरल्या होत्या. त्यांना तो ब्लाइंड म्हणायचा. शिकारी आत उतरून, वर गवत ओढून, दबा धरून बसत. पाऊस झाला की पेट्या हौदासारख्या भरत, आणि पहाटे पाहुणे त्यात उतरणार कसे?

उन्मेष स्वतः शेतावर जाऊन आला. विजेचा बुडवायचा पंप बाद, कारण शेतात वीज कुठली? बोटीतला छोटा बॅटरीचा पंप स्वस्त होता, पण त्या पाण्यात काड्या, पिसं, चिखल. दहा मिनिटांत त्याचा घसा चोंदला असता. शेवटी त्याने दोन इंची पेट्रोलचा ट्रॅश पंप काढला. काडीकचरा गिळून पुढे ढकलणारा, एक पेटी दहा मिनिटांत कोरडी करणारा. आवाज मोठा, पण आदल्या दुपारीच उपसा केला की बदकांना पत्ता लागत नाही. फक्त एक पथ्य होतं. काम झालं की खालची चावी सोडून पंपातलं पाणी काढून टाकायचं. इथे सप्टेंबर सरता सरता पारा शून्याखाली जातो, आणि आत गोठलेलं पाणी पंपाच्या जाड बिडालासुद्धा फोडतं. त्याने एक पिवळा टॅग घेतला, लाल मार्करने ठळक इंग्रजीत लिहिलं, ‘प्रत्येक वापरानंतर पाणी काढा’, आणि पंपाच्या दांडीला घट्ट बांधला.

पंप गाडीत चढताना संजयदादा बाहेर आले. हे दुकानातले जुने सेल्समन, मूळचे पलूसचे. उन्मेषला ही नोकरी त्यांनीच लावली, पहिला महिना आपल्या घराच्या बेसमेंटमध्ये ठेवून घेतलं, विंटर जॅकेटही स्वतःचं जुनं दिलं. उन्मेषला सख्खा भाऊ नव्हता. दादा म्हणताना त्याला खरंच बरं वाटायचं.

दादा गॉर्डनला म्हणाले, “पाइपाच्या तोंडाला फूटव्हॉल्व्ह लावून घे, पाणी मागे उतरणार नाही, आणि पंप कायम भरलेला ठेव. रिकामा केलास की हवा धरेल, मग बसशील दर वेळी पाणी ओतत. टॅगचं काय मनावर घेतोस? ते हिवाळ्यात बंद ठेवायचा असेल तेव्हाचं.”

घ्या! चौदा हिवाळे कॅनडात काढले, तरी पंपाच्या बाबतीत माणूस अजून पलूसच्या विहिरीवरच उभा.

“दादा, अहो, इथं गोठेल ते,” उन्मेष मराठीत पुटपुटला.

दादांनी नुसते डोळे वटारले. गॉर्डन गेल्यावर मात्र त्याला बाजूला घेऊन समजावलं, “मोठ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं रे. काही असेल तर एकट्यात सांगावं.” उन्मेषने मान डोलावली. घरीही हेच शिकवलं होतं. गॉर्डनला फोन करावा असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा त्याने फोन खिशात ठेवला. तेवढी चूक त्याची, ती त्याने पुढे स्वतःशी कबूल केली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीत पारा उणे नऊ. पंप उभा चिरला, पेट्या भरलेल्याच राहिल्या, टेक्सासहून आलेले पाहुणे गुडघाभर पाण्यात उतरले आणि शिव्या घालत परत फिरले. गॉर्डनने फुटका पंप आणून दुकानाच्या दारात आदळला. तेव्हा उन्मेष मागे यार्डात होता. पुढे दादा होते.

मॅनेजर ब्रेंडाने दोघांना आत बोलावलं. पाणी भरून ठेवायला नक्की कोणी सांगितलं, हे गॉर्डनला आठवेना. त्याला दोघं सारखेच दिसत. उन्मेषने दादांकडे पाहिलं. आता बोलतील, मग बोलतील.

दादा बोलले, अस्खलित इंग्रजीत. “मुलगा कष्टाळू आहे, ब्रेंडा. पण आमच्याकडच्या विहिरींवरून आलाय. थंडी काय चीज आहे ते त्याला अजून कळत नाही.”

उन्मेषच्या कानशिलात कुणीतरी वाजवल्यासारखं झालं. “मी टॅग बांधला होता,” एवढंच त्याच्या तोंडून निघालं. ब्रेंडाने पंप पाहिला. दांडीला टॅग नव्हता.

त्याचं वर्क परमिट डिसेंबरात संपत होतं. पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या अर्जाला दुकानाचं पत्र लागणार होतं, आणि ब्रेंडाने ते त्याच आठवड्यात द्यायचं कबूल केलं होतं. आता म्हणाली, सध्या राहू दे. पत्र नाही तर पीआर नाही, आणि पीआर नाही तर चंबूगबाळं आवरून घरी.

“मी घेतो सांभाळून,” बाहेर येऊन दादा म्हणाले. “शनिवारी जेवायला ये.”

आणि हा भोळा सांब गेला! घाबरले असतील बिचारे, म्हणून मनाची समजूत घालत गेला.

दुपारी दादांच्या घरी सुनेत्रावहिनींनी पिठलं-भाकरी केली होती. निघताना त्यांनी वाळवलेल्या मेथीची पिशवी पुढे केली. “घ्या की भावजी, घरचीच आहे, मागच्या अंगणातली.”

पिशवीच्या तोंडाला पिवळा टॅग होता, त्यावर निळ्या पेनने ‘मेथी’ असं लिहिलेलं. उन्मेषने तो उलटला. मागे त्याचीच लाल अक्षरं. कडेला तळ्याचा चिखल वाळलेला, दोरी सुरीने सरळ कापलेली.

“यांच्या जॅकेटच्या खिशात सापडला, धुवायला टाकताना,” वहिनी म्हणाल्या. “म्हटलं, मजबूत आहे, कशाला फेका?”

म्हणजे पंप परत आला तेव्हा टॅग होता. जिभेचं एक वेळ समजू शकतं, घाबरली की घसरते. पण आधी सुरी काढून, दोरी कापून, टॅग खिशात घालून मग हा माणूस ब्रेंडापुढे उभा राहिला होता. हात धुऊन आलेल्या दादांनी पिशवी पाहिली आणि नॅपकिन हातात धरून तिथेच थांबले.

“येतो, वहिनी,” उन्मेष म्हणाला. पिशवी त्याने काखेत मारली.

दादा चपला घालून ड्राइव्हवेपर्यंत मागे धावले. “उन्मेष, ऐक तर! घाबरलो रे मी. दुकानात आधीच माझ्या दोन तक्रारी होत्या. अरे, मोठ्या भावाला चारचौघांत उघडं पाडशील?”

“छे हो, दादा. तुम्हीच शिकवलंत ना, एकट्यात सांगावं. सोमवारी आठ वाजता ब्रेंडा एकटीच असते.”

गाडीत बसल्यावर मात्र त्याने किल्ली लावलीच नाही. अंगात दादांनी दिलेलंच जॅकेट होतं. उणे चार होतं बाहेर, तरी त्याने ते काढून मागच्या सीटवर टाकलं आणि तो हमसून हमसून रडला.