तुळसा हसली तिथं

धारूरच्या डोंगरात सिनेमाचं शूटिंग ठरलं, तेव्हा गावातली बाई हवी म्हणून सिनेमाची मंडळी घरी आली होती. मनिषा ठेवणीतली साडी नेसून पुढं बसली. अंबाजोगाईला कॉलेजात असताना तिनं नाटकात बक्षीस मिळवलेलं. तिनं रडूनही दाखवलं. दिग्दर्शकानं मान डोलावली आणि चहा घेऊन आलेल्या तिच्या धाकट्या जावेला, अंजूला, विचारलं, "तुम्ही कराल का काम?"

तेव्हापासून मनिषा मनाशी एकच घोकत होती, निवड चुकली.

अंबाजोगाईत सिनेमा दाखवला तेव्हा सगळं घर गेलं. अंजू त्यात तुळसा झाली होती, एका मेंढपाळाची बायको. शेवटी पुतणीच्या लग्नात तुळसा सगळ्यांना वाढते, हसते आणि दुसऱ्या दिवशी जीव देते. सासू साखराबाई पदरानं डोळे पुसत बाहेर आल्या.

परतताना जीपमध्ये मनिषा म्हणाली, "शेवट काय पटला न्हाई बाई. आदल्या दिवशी दात काढणारी बाई मरंल कावून? उगं लोकायला रडवायला मारली."

अंजू खिडकीबाहेर बघत राहिली. तिचा नवरा रामेश्वर जीप चालवत होता. उत्तर दिलं ते मनिषाच्या नवऱ्यानं, अभिमन्यूनं.

"उगं कसं? आधीच दाखवलंय की. पोरीला स्वतःची वेणी घालाया शिकवती. ज्या शेजारणीशी बांधावरून रोज भांडायची, तिलाच म्हणती, जा की आमच्या रानातून. मला तर तिथंच धस्स झालं."

"लई बारीक बघितलं तुमी तिला."

"तुळसाला बघितलं."

"तेच म्हणते मी."

 मागं मनिषानं केस कापले होते, तर ते याच माणसाला त्याच्या आईनं दाखवून द्यावं लागलं होतं.

काही दिवसांनी सिनेमा मोबाईलवर आला. एका दुपारी घरात कुणी नसताना मनिषानं तो लावला, चुका शोधायलाच. वेणी आली, बांध आला. तेवढ्यानं काय होतंय, असं ती मनाशी म्हणाली. मग लग्नाची पंगत आली. कुणीतरी म्हणालं, "तुळसा, तूबी बस." तुळसा हसून म्हणाली, "जेवले की मी."

मनिषानं मागं नेऊन पुन्हा पाहिलं. तुळसा कुठंच जेवली नव्हती. आणि ते हसू आनंदाचं नव्हतं. फाट्यावर गाडीत बसल्यावर निरोप देणाऱ्यांकडं बघून पाहुणा हसतो, तसं होतं. ती गेलेलीच होती. फक्त वाढायचं राहिलं होतं.

थिएटरात मनिषाला हे दिसलं नव्हतं. तिथं ती अंजूची साडी बघत होती, कानातले बघत होती, शेजारी अभिमन्यूचं तोंड बघत होती.

अंजू शेतातून येऊन चुलीवर दूध ठेवत होती, तिथंच मनिषानं तिला गाठलं. "पंगतीत हसायला कुणी सांगितलं गं तुला?"

"कुणी न्हाई, ताई. डायरेक्टर सर तर म्हणले व्हते, डोळ्यात पाणी आणा. मला वाटलं, तुळसा हसंल. तिचं ठरलंय ना आता."

 आपण तिथं रडलो असतो, हे मनिषाला लख्ख कळलं. फार छान रडलो असतो, आणि पुढं काय होणार ते साऱ्या थिएटराला पंगतीतच कळलं असतं. निवड चुकली, एवढं एक समाधान तिनं वर्षभर उराशी धरलं होतं. आता तेही राहिलं नाही.

"ताई," अंजू दबकत म्हणाली, "तुमाला खरंच पटला न्हाई का शेवट? जीपमधी म्हणलात तवापासून मला झोप न्हाई. तुमाला नाटकाचं कळतं."

मनिषाला खोटं बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"पटला," ती म्हणाली. "आज पटला."

अंजूनं आनंदानं तिचा हात धरला. मनिषानं तो सोडवून घेतला.

"सरक, दूध उतू जाईल," ती म्हणाली.

दूध अजून कोमटसुद्धा झालं नव्हतं.