टेबलाखालची चप्पल

“साहेब काय बोलतात ते ऐकत बसू नकोस, लारास. साहेबांची चप्पल कुठे आहे ते बघ.”

इबू वारसिनींनी हे सांगितलं तेव्हा लारास हसली होती. बुटांच्या त्या कारखान्यात नियोजन विभागाच्या खोलीत दोघींची टेबलं शेजारी होती. इबू, म्हणजे बाई, असं सगळे ज्यांना मानाने म्हणत त्या वारसिनी सव्वीस वर्षं तिथे होत्या. कातडी कापायच्या सुरीपासून सुरुवात करून त्या टेबलापर्यंत पोचल्या होत्या. लारास पदवी घेऊन थेट टेबलापाशीच आली होती. कुठल्या आठवड्यात किती जोड निघणार याचे तक्ते तिच्या संगणकावर होते, आणि माणसापेक्षा तक्त्यावर तिचा जास्त विश्वास होता.

टेबलाखाली रबरी चप्पल सगळ्यांचीच असे. दुपारी वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, नळावर जायचं, तिथून नमाजाच्या खोलीत, की परत बूट घालून कामाला. नळापाशी चपलांची अदलाबदल फार व्हायची, म्हणून इबू वारसिनी प्रत्येकाच्या चपलेवर सुरीने नक्षी कोरून देत. वरचा पांढरा थर कापला की खालचा निळा दिसे. कुणाला मासा, कुणाला केळीचं पान. लारासला त्यांनी मोगऱ्याचं फूल कोरून दिलं होतं.

“मोठ्या साहेबांची चप्पल गेली,” इबू हळूच म्हणाल्या होत्या. “नमाजाची चटईसुद्धा. ज्या दिवशी माणूस टेबलाखालची चप्पल घरी नेतो ना, त्या दिवशी त्याने कंपनी मनातून सोडलेली असते.”

“धुवायला नेली असेल, इबू.”

“साहेब चप्पल धुतात? कधी पाहिलंस?”

लारासने तक्ता उघडून दाखवला. मागणी घटली होती, पण दर वर्षी या महिन्यात घटतेच, असं तिने त्यांना समजावलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं, तेही तिने गोड बोलून परतवलं. तान्ह्या लेकीला, गेंदिसला, घेऊन नव्या जागी रुळायचं म्हणजे दगदग. इथे सगळं व्यवस्थित होतं.

तीन आठवड्यांनी, बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, कंपनीच्या ग्रुपवर निरोप आला. ओळखपत्र घेऊन दोन नंबरच्या फाटकापाशी जमा. अकराशे माणसं जमली. इबू वारसिनी रांगेत तिच्या पुढे होत्या. मागे वळून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “चप्पल घेतलीस का गं?”

लारासने घेतली नव्हती. इबूच परत आत गेल्या आणि दोघींच्या चपला घेऊन आल्या.

कारखाना बंद झाला. त्यानंतर चौदा महिने लारास घरी होती. नवरा दानांग गोदामात कंत्राटावर होता, त्यामुळे चूल पेटत राहिली; पण फोन वाजला की ती तो आधी पालथा ठेवायची. शेवटी चिकुपा गावाच्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत तिला काम मिळालं. करार एक वर्षाचा. पुढचा करार द्यायचा की नाही ते व्यवस्थापक बापाक हार्योनो ठरवणार. बापाक तिकडे मोठ्या माणसाला मानाने म्हणतात.

या नव्या जागी लारासने एक नेम केला. ऑफिसात स्वतःचं काही म्हणजे काही ठेवायचं नाही. कप नाही, गेंदिसचा फोटो नाही, चप्पल तर नाहीच. मोगऱ्याची चप्पल ती रोज पिशवीत घालून आणायची आणि रोज घरी न्यायची. उठ म्हटलं की उठता आलं पाहिजे.

“तू ऑफिसात जातेस की हज करायला?” दानांग पिशवी बघून म्हणायचा.

शेजारच्या टेबलावरची युयून, वयाने लहान आणि तोंडाने मोठी, ती तर ‘म्बाक’, म्हणजे ताई, म्हणत रोजच चिडवायची. “म्बाक लारास, तुमच्या चपलेचीसुद्धा हजेरी लागते का हो? पगार कोण घेतं, डावी की उजवी?”

लारास हसून सोडून द्यायची. पण तिची नजर सारखी फिरत असायची. पंखे किती चालू आहेत. छपाईचा कागद कुठल्या प्रतीचा आला. साहेबांच्या खोलीत दार लावून कोण बसलंय. कंपनीचा ग्रुप तिने मुका करून ठेवला होता. त्याचा टिंग आवाज थेट त्या बुधवारसारखा होता. दिवसातून एकदा, रात्रीचं जेवण झाल्यावर, मनाचा हिय्या करून ती तो उघडायची, भराभर वाचायची आणि मिटायची.

करार संपायला आठवडा राहिला आणि रमजान सुरू व्हायलाही. बापाक हार्योनोंनी बाकी तिघांचे कराराचे कागद सही करून दिले. लारासचा दिला नाही. “बघू,” म्हणाले. त्या ‘बघू’वर तिने दोन दिवस काढले. बुधवारी गेंदिसला ताप होता, ग्रुप उघडायचा राहून गेला.

गुरुवारी सकाळी ती फाईल द्यायला साहेबांच्या खोलीत गेली. साहेब नव्हते. सवयीने नजर खाली गेली.

टेबलाखाली चप्पल नव्हती.

बाहेर येऊन तिने पेन पाडलं आणि ते उचलायच्या निमित्ताने वाकून बघितलं. हिशेब तपासणाऱ्या बाईंच्या टेबलाखाली काही नाही. खरेदीवाल्यांच्या नाही. माणसं घेणारा-काढणारा जो विभाग, तिथे एकाही टेबलाखाली नाही. लारासच्या मनात पाल चुकचुकली. खरं म्हणजे एक नाही, घरातल्या सगळ्या भिंतींवरच्या पाली एकदम बोलू लागल्या. मागच्या वेळी एक चप्पल गेली होती. इथे तर अख्ख्या खोलीने काढता पाय घेतला होता.

फोन पिशवीत होता. ग्रुप उघडून बघावा असं मनात आलं, पण हात गेला नाही. जे तिथे लिहिलेलं असेल ते वाचलं की खरं होणार होतं.

ती युयूनपाशी गेली. युयूनला पाचवा महिना होता, आणि ते ऑफिसात फक्त लारासला माहीत होतं.

“ऐक. तुझं जे काही इथे असेल ते आजच आवर. कुठे शब्द टाकायचा असेल तर टाकून ठेव.”

“का?”

“मला कुठून कळलं ते विचारू नकोस. एकदा नाही ऐकलं मी, आणि फसले. तू ऐक.”

युयूनचा चेहरा उतरला. तिने चिडवलं नाही, हे लारासला फार लागलं.

युयूनने एकीला सांगितलं, फक्त एकीला. त्या एकीचा नवरा खाली गोंदाच्या मशीनवर होता. साडेअकराला गोंदाचं मशीन थांबलं, मग कापायचं. सरबताच्या बाटल्यांची खोकी चालू होती. रमजानचं सरबत पहिल्या रोज्याच्या आत दुकानात पोचलंच पाहिजे, नाहीतर त्याला कोण विचारतं? ट्रक उभा, आणि माणसं हाताची घडी घालून उभी. वरच्या खिडकीतून लारासने ते बघितलं आणि तिला वाटलं, झालं, सुरू झालं. आपण सुरू केलंय हे तिच्या ध्यानात यायला आणखी पाच मिनिटं गेली.

बापाक हार्योनोंनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. बुटका, घामाने भिजलेला, चिडला की आवाज आणखी खाली जाणारा माणूस.

“कंपनी बंद होतेय हे मलाही आत्ताच कळलं,” ते म्हणाले. “कुणी सांगितलं तेवढं कळलं तर बरं होईल. मलाही घरी सांगावं लागेल.”

कुणी हसलं नाही. हळूहळू सगळ्या माना युयूनकडे वळल्या. युयून जमिनीकडे बघत राहिली. दोन्ही हात पोटावर. तोंडातून नाव निघालं नाही.

साहेबांच्या टेबलावर सहीवाचून पडलेला कागद लारासला उभ्याउभ्या दिसत होता. गप्प राहिलं तर तो कदाचित मिळेल. बोललं तर नाहीच. गेंदिसचा ताप, दानांगचं कंत्राट, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. पण युयूनचे ते हात तिला बघवेनात.

“मी सांगितलं,” लारास म्हणाली.

“तुम्हाला कुणी सांगितलं, म्बाक?”

“तुमच्या चपलेने.”

“काय?”

“तुमच्या टेबलाखाली चप्पल नाहीये, बापाक. कुणाच्याच नाही. माझ्या आधीच्या कारखान्यात चपला गेल्या, आणि मागोमाग आम्ही गेलो.”

मग मागून कुणीतरी ओरडलं, “बापाक, आता चप्पलसुद्धा बोलायला लागली!” आणि हसण्याचा असा फवारा उडाला की गोंदवाल्यांपैकी एकाला ठसका लागला. झाडलोट करणारे बापाक सार्मिन पुढे आले. त्यांना बिचाऱ्यांना हसावं की रागवावं ते कळत नव्हतं.

“अहो, मी काल ग्रुपवर टाकलं होतं ना! रमजानच्या आधी नमाजाची खोली धुवायची, चपला धुवायच्या. दर वर्षी धुतो. तिकडे बघा!”

मागच्या कुंपणाच्या भिंतीवर, उन्हात, चाळीस जोड चपला ओळीने उभ्या वाळत होत्या. साहेबांची हिरवी सर्वात पुढे.

युयून हसत नव्हती. ती जवळ आली आणि लारासच्या दंडाला चिमटा घेतला. चांगला जोरात.

बापाक हार्योनोही हसले नाहीत. त्यांनी लारासला खोलीत बोलावलं. दार उघडंच ठेवलं.

“आधी कुठे होतात?”

तिने सांगितलं. बुधवार, नऊ वाजून दहा मिनिटं, फाटक. सांगताना आवाज स्थिर राहिला याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

त्यांनी टेबलावरचा कागद इकडून तिकडे सरकवला. “अफवेने मशीन बंद पडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. अर्धा तास गेला. तो तुम्ही मला भरून द्यायचा.”

“देईन.”

“आणि तुमची चप्पल कुठे आहे?”

“पिशवीत.”

“माहितेय. वर्षभर बघतोय मी. सकाळी पिशवीतून येते, संध्याकाळी पिशवीतून जाते.” त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. “मला वाटलं, या बाईचं दुसरीकडे कुठेतरी जमतंय. इथे पाय टेकवायचाच नाही असं ठरवून आलीय. म्हणून तुमचा कागद अडवून ठेवला होता. जाणाऱ्याला कशाला बांधा?”

लारासच्या आत्ता ध्यानात आलं. नोकरी जाईल तेव्हा जड जाऊ नये म्हणून जी चप्पल ती रोज घरी न्यायची, तीच चप्पल रोज थोडी थोडी नोकरी घालवत होती. आणि हा माणूसही, इबू वारसिनींसारखाच, माणसं सोडून पाय बघत होता.

“एक वर्ष,” सही करत ते म्हणाले. “त्याच्या पुढचं मला विचारू नका. माझं मलाच माहीत नाही.”

बरं वाटावं म्हणून ते आणखी काही बोलले नाहीत, हे तिला आवडलं. भीती काही गेली नाही. ती आपली शहाण्या मांजरासारखी कोपऱ्यात जाऊन बसली, एवढंच.

जेवणानंतर लारासने पिशवीतून चप्पल काढली आणि टेबलाखाली, भिंतीच्या बाजूला, सरळ ठेवली. युयून खुर्चीवरूनच वाकली.

“म्बाक, हे फूल कुणी कोरलंय? मलाही हवं.”

लारासने नाव सांगितलं, आणि नाव तोंडातून बाहेर पडताच तिने फोन हातात घेतला. ग्रुप मुका केला त्याच दिवशी तिने इबू वारसिनींनाही मुकं केलं होतं. त्यांच्या नावाबरोबर फाटकापाशी उभी असलेली ती रांग यायची, म्हणून. आता तिने त्यांच्या निरोपांचं पान उघडलं. अकरा निरोप होते. गेंदिस बोलायला लागली का? काम मिळालं का? मी बाजारात चपला कोरते हो, मजा येते. शेवटच्या निरोपाला चार महिने झाले होते. त्याच्यासोबत एका चपलेचा फोटो होता, आणि त्यावरच्या फुलाची एक पाकळी वेडीवाकडी गेली होती. खाली लिहिलं होतं, “हात थरथरतो आता. तू बरी आहेस ना, तेवढं कळव.”

तिने फोन लावला. तो नंबर वापरात नव्हता.

रविवारी दानांगच्या मोटरसायकलवर, गेंदिसला मध्ये बसवून, ती इबूंच्या गल्लीत गेली. खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं. शेजारीण म्हणाली, त्या धाकट्या बहिणीकडे गेल्या, कुतोआर्जोला. पत्ता? पत्ता नाही बाई. जाताना सगळ्या गल्लीच्या चपलांवर नक्षी कोरून गेल्या. शेजारणीच्या चपलेवर आंबा होता.

यंदाची ईद लारासच्या सासरी, लाम्पुंगला. पाळी त्यांची आहे. म्हणजे समुद्र ओलांडून नेमकं उलट्या दिशेला. गावी जायची तिकिटं ज्यांनी ज्यांनी काढली आहेत त्या सगळ्यांना ती आता विचारत सुटलीय. युयूनला, गोंदाच्या मशीनवाल्यांना, बापाक हार्योनोंनासुद्धा. आणि हे वाचणाऱ्या तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे.

“तुम्ही त्या बाजूने जाणार असाल, तर कुतोआर्जोला थोडी वाट वाकडी करा. स्टेशनाजवळच्या बाजारात बघा. साठीच्या असतील, सुरी डाव्या हातात धरतात, बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघतात. जेवतात ना, हाताला औषध घेतात ना, विचारा. सांगा, लारासची चप्पल टेबलाखाली आहे. आणि काय म्हणाल्या ते मला कळवा. माझा फोन आता वाजतो.”