लाल मुठीची सुई

"पावणं, मान हलवू नगासा," मीनाबाईंनी भरमाप्पांच्या कपाळावर हात ठेवला.

भरमाप्पा नेसरीहून सकाळच्या एसटीने आले होते. तिकडच्या डॉक्टरांनी दाढ उपटायला सांगितली होती. "ह्याच दाढंनं मी ऊस सोलतोय, ऱ्हाऊ दे की तिला," एवढ्या हट्टापायी राजारामपुरीतल्या या दवाखान्यात त्यांची ही दुसरी खेप.

दाढेच्या मुळातली केसाएवढी नळी आतून खरवडायची, साफ करायची आणि बुजवायची, असं ते काम. त्याच्या सुया चौदा वर्षं मीनाबाईंच्या ताब्यात होत्या. उकळायच्या, नंबराने लावायच्या आणि तोंडातून परत आलेली प्रत्येक सुई पुसून पट्टीवर मोजायची. ही शिस्त मोठ्या डॉक्टरांची. ते शहाण्णव साली गेले. आता दोन वर्षं त्यांची मुलगी, अक्षता, दवाखाना चालवत होती.

लाल मुठीची, पंचवीस नंबरची सुई दाढेत होती. भरमाप्पांना मधेच काही आठवलं. "अक्का, ते..." बधिर ओठांतून म्हणत त्यांनी मान वळवली. अक्षताने सुई झटकन काढली आणि न बघताच मीनाबाईंच्या हातात दिली.

मीनाबाईंनी ती पुसून पट्टीवर धरली. एकवीस मिलिमीटर भरायला हवी होती. अठरा भरली. पुन्हा धरली. अठराच.

सकाळीच त्यांनी पाहिलं होतं, या सुईचा पीळ टोकाशी किंचित उलगडला होता. अशी सुई टाकून द्यायची. पण नवी डबी अजून आली नव्हती, आणि 'आजचा एक पेशंट निघंल' म्हणून त्यांनी ती ट्रेमध्ये लावली होती.

"डॉक्टर." त्यांनी पट्टी तशीच पुढे केली.

अक्षताने एक्स-रे काढला, ओली फिल्म उजेडाला धरली. मुळाच्या तळाशी तीन मिलिमीटरची पांढरी रेघ.

"काका, सुईचं टोक आत तुटलंय. तुम्ही अचानक हललात ना."

भरमाप्पा ओशाळले. "माझंच चुकलं की. ह्ये तोंड गप बसत न्हाय. घरातबी हेच ऐकून घेतोय. मग आता?"

"टोकाच्या कडेनं वाट काढून बघते. नाहीच मिळाली, तर कदाचित दाढ काढावी लागेल."

"गेली तर गेली. माझ्याच करणीनं गेली म्हणायची."

विषय तिथे मिटला होता. कोणी काही विचारत नव्हतं. मीनाबाईंनी ट्रेमधल्या सुया उगाच सारख्या केल्या.

"तुमच्या हलण्यानं न्हाय तुटली," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच मोठा वाटला. "सुई आधीच खराब हुती. सकाळी मी बघितलं हुतं. तरी लावली."

"मीनाबाई!"

"तुमची चूक न्हाय, डॉक्टर. पावण्यांचीबी न्हाय."

भरमाप्पा उठून बसले. हनुवटीवरची लाळ पुसत मीनाबाईंकडे वळले.

"एवढ्या जाणत्या दिसतासा, आणि असं केलासा?"

मीनाबाईंनी तुटकी सुई ट्रेमधून काढून बाजूला ठेवली.

"गप बसला असता, तर मला कळलं असतं व्हय?"

"न्हाय."

"आणि ह्यांस्नी?" त्यांनी डॉक्टरांकडे बोट केलं.

"न्हाय."

अक्षताने ट्रे स्वतःच्या बाजूला ओढला. सगळ्यांत बारीक सुई उचलून तिचा पीळ उजेडात तपासला. "इथून पुढं सुया मी बघेन," ती हळू आवाजात म्हणाली. मीनाबाईंनी मान डोलावली. हात कोरडेच होते, तरी एप्रनला पुसले.

भरमाप्पांचा एक पाय खाली चप्पल शोधत होता. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग पाय वर घेतला आणि पाठ खुर्चीला टेकवली.

"बत्ती धरा की, अक्का," म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.

मीनाबाईंनी दिवा ओढून त्यांच्या तोंडावर आणला. त्याला एक हात पुरतो. त्यांनी दोन्ही हातांनी धरला.